योगनिद्रासन, डावी बाजू

सकाळचे पावणेसहा. मखमलाबाद रोडवर
धुकं अजून द्राक्षांच्या तारांवरून उतरलेलं नाही.
हॉलची फरशी इतकी गार
की सतरंजीखालूनही पाठीला कळते.
पिंगळे बाई म्हणतात, आधी पाय नुसते हलवा.
थंड काडी कुणी वाकवत नाही.

बाईंचं माहेर बागेतलं, सासरही.
काडी तारेला बांधायची तर तिच्या अंगावर ऊन येऊ द्यायचं,
मग दोन बोटांत धरून
विचारत विचारत न्यायची.
घाई केली की डोळ्यापाशी टचकन मोडते
आणि त्या हंगामाला घड नाही.

आसन चित्रात पाहिलं तर हसू येतं.
उताणं पडलेलं कासव,
दोन्ही पावलं मानेमागे उशीसारखी,
हात पाठीखाली एकमेकांना सापडलेले.
नाव मात्र निद्रा!
सिडकोच्या पोस्टात एकोणीस वर्षं खिडकीवर बसले,
अशी झोप मला कुणी सुचवली नव्हती.

गेल्या पौषात तुषार अहिररावनं
पाय हातानं ओढून डोक्यामागे टाकला,
फोटो काढा म्हणाला.
आवाज गुडघ्यातून आला,
वाळली शेंग तडकावी एवढाच.
बाईंनी त्याचा पाय भरल्या दुधाच्या पातेल्यासारखा
दोन्ही हातांनी खाली आणला.
म्हणाल्या, गुडघा बिचारा बिजागरी आहे,
उघडतो, मिटतो. त्याला वळायला सांगू नका.
वळायचं ते खुब्यानं.
खुबा नाही म्हणाला तर आज पाय तिथवर नाही.

मग आम्ही खुबा शिकलो.
पोटरी कवेत घेऊन तान्ह्यासारखी जोजवायची.
टाच कानाशी आणायची, फोन धरावा तशी
(पलीकडून कुणी उचलत नाही, शेजारच्या मंदाकिनी म्हणतात).
आधी खांदा पायाखालून बाहेर काढायचा,
पावलाचा भार मानेवर नाही.
श्वास अडला की तिथंच थांबायचं.
ताण रुंद असतो, कळ टोकदार;
कळ आली की मागे.
एवढं ओळखायला मला सात महिने लागले.

उजवा पाय मार्चमध्ये गेला मागे.
गाजावाजा न करता, पाहुणा मागच्या दारानं यावा तसा.

डावा नाही.
डावा कानापर्यंत येतो आणि हटून बसतो.
बाईंनी खुब्यावर तळहात ठेवला. विचारलं,
इथं कोण बसलंय?
मी म्हटलं, भानुदास.
सगळ्या हसल्या.

पण खरंच. ओझरला आई द्राक्षांच्या शेडवर जायची,
मी नऊची, तो दीड वर्षाचा.
डाव्या कडेवर तो, उजव्या हातात कळशी,
कंबर एका बाजूला बाहेर काढून चालायचे मी,
लोक म्हणायचे, पोरगी ठुमकते.
चालायला लागला तरी उतरेना.
आता सातपूरला लेथवर सुपरवायझर आहे, ब्याण्णव किलो.
फोनवर सांगितलं तर म्हणाला,
अक्का, सांगायचंस ना, उतरलो असतो.

म्हणून डावीकडे घोंगडी जाड घेते.
पावलाला पट्टा. अर्ध्यावर थांबते.
पाच श्वास, कधी चारच.
परतताना आणखी हळू,
कारण बाई म्हणतात, जाताना सगळेच जपतात.

खिडकीतून ऊन फरशीवर चौकोनी पडलंय.
बाहेर बागेत कुणीतरी सुतळी तोडतंय.
आज टाच कानाच्या पेरभर पुढे गेली,
किंवा मीच डोकं वाकडं केलं असेल.
बाई दुसरीकडे बघत होत्या.
रविवार आहे. शवासनातच मंदाकिनी कुजबुजतात,
मिसळ तिखट की मध्यम?